सर्च जाहिरातींची सुरुवात: पहिला क्लिक विकत घेण्याआधी आणि त्यानंतर

इंटरनेटवर वस्तू किंवा सेवा विकणाऱ्याला ग्राहक मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत; पण ज्याला आत्ता, नेमकी तीच वस्तू हवी आहे अशा माणसापर्यंत पोहोचवण्यात सर्च जाहिरातींची बरोबरी करणारा मार्ग माझ्या पाहण्यात नाही. समाजमाध्यमांवरची जाहिरात माणसाला तो दुसऱ्याच कशात गुंतलेला असताना गाठते. सर्च इंजिनवर मात्र तो आपली गरज स्वतःहून टाइप करतो आणि त्या गरजेच्या उत्तरांत आपलेही नाव दिसावे यासाठी जाहिरातदार पैसे मोजतो. हे पैसे जाहिरात दिसल्याबद्दल नव्हे, तर तिच्यावर क्लिक झाल्यावरच द्यावे लागतात, म्हणून या पद्धतीला पे-पर-क्लिक किंवा थोडक्यात पीपीसी म्हणतात.

ज्यांचा ऑनलाइन व्यवसाय सुरू आहे, पण ज्यांनी अजून एकही सर्च जाहिरात चालवलेली नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणे गूगल ॲड्समधली घेतली आहेत. बिंगवर जाहिरात देण्यासाठी असलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲडव्हर्टायझिंगमध्येही तत्त्वे तीच आहेत, आणि गूगलमध्ये तयार केलेली मोहीम तिथे आयातही करता येते. पुढे सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारत राहावा: माझे पैसे नेमक्या कोणत्या शोधावर खर्च झाले? कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द, जाहिरातदार निवडतो, पण पैसे जातात ते लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेल्या शब्दांवर, आणि नवख्या जाहिरातदाराचे बहुतेक नुकसान या दोहोंमधल्या अंतरात होते.

लिलाव समजून घ्या

शोधाच्या शब्दांवर बोली लावण्याची ही कल्पना बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनने १९९८ मध्ये व्यवहारात आणली. तिथे जो जास्त बोली लावेल तो वर, असा सरळ हिशेब होता. गूगलची ॲडवर्ड्स ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली, तेव्हा ती जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे घेत असे. २००२ मध्ये तिने क्लिकनुसार आकारणीचा लिलाव आणला आणि जागा ठरवताना बोलीबरोबरच जाहिरातीवर लोक किती प्रमाणात क्लिक करतात हेही विचारात घेतले. आजचा सगळा व्यवहार या बदलावर उभा आहे. २०१८ मध्ये ॲडवर्ड्सचे नाव गूगल ॲड्स झाले, पण पाया तोच राहिला.

लिलाव प्रत्येक शोधाच्या वेळी नव्याने होतो. सोपे करून सांगायचे तर जाहिरातीचे स्थान बोली आणि गुणवत्ता यांच्या गुणाकारावर ठरते. समजा, एका जाहिरातदाराची बोली ३० आहे आणि गुणवत्ता ४; दुसऱ्याची बोली २० आहे आणि गुणवत्ता ८. पहिल्याचा गुणाकार १२० येतो, दुसऱ्याचा १६०. त्यामुळे कमी बोली लावणारा वर जातो. शिवाय खालच्याच्या १२० ला मागे टाकण्यापुरतेच, म्हणजे १२० भागिले ८, साधारण १५ एवढेच त्याला द्यावे लागतात. प्रत्यक्षातल्या सूत्रात स्पर्धा, शोधाचा संदर्भ, किमान पात्रता अशा आणखी गोष्टी येतात, पण दिशा हीच असते. जाहिरात शोधाला जितकी अनुरूप, तितका क्लिक स्वस्त. खात्यात प्रत्येक कीवर्डसमोर १ ते १० असा जो क्वालिटी स्कोअर दिसतो, तो अपेक्षित क्लिक प्रमाण, जाहिरातीची अनुरूपता आणि लँडिंग पेजचा, म्हणजे क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा, अनुभव या तीन गोष्टींवरून काढलेला असतो. तो निदानासाठी दिलेला आकडा आहे. लिलावात तोच आकडा जसाच्या तसा वापरला जात नाही. म्हणून तो १० करण्याच्या मागे न लागता तीनपैकी कोणता घटक सरासरीपेक्षा खाली आहे एवढे पाहावे.

क्लिकची किंमत आधी कागदावर मांडा

खाते उघडण्यापूर्वी एक हिशेब करायचा असतो आणि तो टाळून सुरुवात करणाऱ्याला पुढे कोणताही आकडा चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. एका विक्रीमागे तुमच्या हातात किती उरते, ते आधी काढा. विक्रीच्या किमतीतून वस्तूची खरेदी किंवा उत्पादन खर्च, पॅकिंग, कुरिअर, पेमेंट गेटवेचे शुल्क, कर आणि परत येणाऱ्या मालाचा सरासरी भार वजा करा. तुम्ही ज्या चलनात व्यवहार करता त्या चलनात हे उरणारे १००० आहेत असे धरू. आता तुमच्या संकेतस्थळावर येणाऱ्या १०० जणांपैकी किती जण खरेदी करतात ते पाहा. समजा २. म्हणजे १०० क्लिकमागे २००० हातात येतात आणि एका क्लिकसाठी २० मोजले तर ना नफा ना तोटा. हीच तुमची कमाल मर्यादा. व्यवसायाला काही उरायला हवे असेल, तर सरासरी क्लिक त्याच्या पुष्कळ खाली, उदाहरणार्थ १० च्या आसपास, मिळायला हवा.

खरेदीचे प्रमाण माहीत नसेल, तर सावध अंदाज धरावा आणि पहिल्या महिन्यात तो दुरुस्त करावा. तोच ग्राहक पुन्हा पुन्हा खरेदी करत असेल तर पहिल्या विक्रीवर थोडा तोटा सोसणेही योग्य ठरू शकते. मात्र त्यासाठी पुनर्खरेदीचे खरे आकडे हाताशी हवेत, नुसती आशा पुरत नाही. हिशेबानंतर मिळालेल्या मर्यादेपेक्षा बाजारातला क्लिकच महाग निघाला, तर सर्च जाहिरात सध्या आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढण्यात काहीच गैर नाही. गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या साधनात प्रत्येक कीवर्डच्या वरच्या स्थानासाठीच्या बोलीचा अंदाज दिसतो. तो अंदाजच असतो, पण दारात शिरायचे की नाही हे ठरवण्याइतका उपयोगी असतो.

मोजणी सुरू झाल्याशिवाय जाहिरात सुरू करू नका

कन्व्हर्जन ट्रॅकिंग म्हणजे क्लिक करून आलेल्या माणसाने पुढे खरेदी केली का, हे खात्यात नोंदले जाण्याची व्यवस्था. यासाठी संकेतस्थळावर गूगलचा टॅग, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, बसवावा लागतो आणि खरेदी पूर्ण झाल्यानंतरच्या पानावर कन्व्हर्जनची, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या कृतीची, नोंद व्हावी लागते. प्रचलित ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मवर हे जोडणीच्या तयार सोयीने होते. बसवताना चार गोष्टी नीट पाहाव्यात. विक्रीची रक्कम प्रत्येक ऑर्डरनुसार बदलती नोंदली जावी. ऑर्डर क्रमांकही सोबत पाठवला जावा, म्हणजे ग्राहकाने धन्यवादाचे पान दोनदा उघडले तरी विक्री एकदाच मोजली जाईल. खरेदीसाठी प्रत्येक कन्व्हर्जन मोजण्याचा पर्याय आणि चौकशीच्या फॉर्मसाठी एका क्लिकमागे एकच मोजण्याचा पर्याय निवडावा. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: मुख्य कन्व्हर्जन म्हणून केवळ खरेदी किंवा खरी चौकशीच ठेवावी. पान पाहणे, कार्टमध्ये वस्तू टाकणे अशा कृती दुय्यम म्हणून नोंदवता येतात. त्या मुख्य ठेवल्या, तर स्वयंचलित बोली (यंत्रणेने आपोआप ठरवलेली) खरेदीदारांऐवजी कार्ट भरून निघून जाणाऱ्यांचा शोध घेऊ लागते, आणि अहवाल मात्र उत्तम दिसत राहतो.

सगळे बसवून झाले की स्वतः एक चाचणी ऑर्डर देऊन नोंद होते का ते तपासा. काही प्रदेशांच्या कायद्यांनुसार ट्रॅकिंगसाठी भेट देणाऱ्याची संमती घ्यावी लागते. तुमचे ग्राहक तिथले असतील तर संमतीची व्यवस्था याच टप्प्यावर करावी.

कीवर्ड: इथे वेळ द्या

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, तुम्ही आकाशनिरीक्षणाच्या दुर्बिणी ऑनलाइन विकता. पहिला कीवर्ड म्हणून ‘दुर्बीण’ हा एकच शब्द मनात येणे स्वाभाविक आहे. आता हा शब्द लोक कोणकोणत्या कारणांनी टाइप करतात याचा विचार करा. कोणी ‘दुर्बिणीचा शोध कोणी लावला’ हे शाळेच्या प्रकल्पासाठी पाहतो आहे. कोणी ‘जेम्स वेब दुर्बीण छायाचित्रे’ शोधतो आहे, आणि त्या दुर्बिणीविषयी बातमी आली की असे शोध एकदम वाढतात. कोणी ‘दुर्बिणीतून शस्त्रक्रिया’ किंवा ‘दुर्बिणीने पोटाची तपासणी’ याबद्दल काळजीने वाचतो आहे. त्याचा तुमच्या मालाशी काडीचाही संबंध नाही. कोणाला जुनी दुर्बीण विकायची आहे, कोणाला दुरुस्त करून घ्यायची आहे. या गर्दीत ‘नवशिक्यांसाठी दुर्बीण किंमत’ किंवा ‘७० मिमी रिफ्रॅक्टर दुर्बीण ऑनलाइन’ असे टाइप करणारा माणूसच तुमचा ग्राहक आहे. संख्येने तो कमी असतो, पण पैसे त्याच्यासाठी खर्चायचे आहेत.

म्हणून यादी करताना शब्दांपेक्षा हेतूकडे पाहा. वस्तूच्या नावाबरोबर किंमत, खरेदी, ऑनलाइन, मॉडेलचे नाव, आकार, कोणासाठी आणि कशासाठी असे काही जोडलेले असेल, तर हेतू खरेदीच्या जवळ असतो. ‘म्हणजे काय’, ‘कशी बनवावी’, ‘इतिहास’, ‘चित्र’ असे काही असेल, तर तो माहितीचा शोध असतो. ‘कोणती दुर्बीण घ्यावी’ हा शोध मधला आहे. तो माणूस उद्या ग्राहक होऊ शकतो, पण सुरुवातीच्या तुटपुंज्या बजेटमधून त्याच्यावर खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीला १५-२० नेमके कीवर्ड पुरेसे होतात.

लोक एकच गोष्ट देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजीतही टाइप करतात. तुमचे ग्राहक ज्या ज्या पद्धतीने शोधतात त्या प्रत्येकीसाठी वेगळे कीवर्ड द्या, आणि शक्य असेल तर वेगळे जाहिरात गट (एकत्र ठेवलेले कीवर्ड आणि त्यांच्या जाहिराती) करा, म्हणजे इंग्रजीत शोधणाऱ्याला इंग्रजी मजकूर दिसेल आणि मराठीत शोधणाऱ्याला मराठी.

कीवर्ड किती सैलपणे जुळवायचा हे ठरवणारे तीन प्रकार आहेत. ब्रॉड मॅचमध्ये कीवर्डशी अर्थाने संबंधित वाटणारा कोणताही शोध चालतो, मग त्यात तो शब्द असो वा नसो. कीवर्ड अवतरण चिन्हांत लिहिला की फ्रेज मॅच होतो आणि शोधात त्या कीवर्डचा अर्थ सामावलेला असावा लागतो. चौकोनी कंसात लिहिला की एक्झॅक्ट मॅच होतो आणि शोधाचा अर्थ किंवा हेतू कीवर्डसारखाच असावा लागतो. पूर्वी एक्झॅक्ट म्हणजे अक्षरशः तेच शब्द असे होते. आता समानार्थी व जवळचे प्रकारही त्यात धरले जातात, हे लक्षात ठेवावे. मोहीम तयार करताना ब्रॉड मॅच हाच सहज पुढे येणारा पर्याय असतो. पुरेशा विक्रीच्या नोंदी असलेल्या खात्यात स्वयंचलित बोलीबरोबर तो चांगले काम करू शकतो. कोऱ्या खात्यात मात्र कोणता शोध चांगला हे यंत्रणेला ठाऊक नसते आणि ते शिकण्याचा खर्च तुमच्या खिशातून होतो. फ्रेज आणि एक्झॅक्ट यांनीच सुरुवात करावी.

आता निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर आपली जाहिरात दिसू नये ते शब्द. दुर्बिणीच्या उदाहरणात ‘शस्त्रक्रिया’, ‘ऑपरेशन’, ‘जेम्स वेब’, ‘हबल’, ‘इतिहास’, ‘दुरुस्ती’, ‘चित्र’, ‘फुकट’ हे पहिल्याच दिवशी यादीत जायला हवेत. इथे आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. साधे कीवर्ड जवळच्या रूपांशी आपोआप जुळतात, पण निगेटिव्ह कीवर्ड तसे जुळत नाहीत. शब्दाची बदललेली रूपे त्यांत धरली जात नाहीत. ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द वगळला म्हणून ‘शस्त्रक्रियेचा खर्च’ किंवा ‘शस्त्रक्रियेनंतर आहार’ हे शोध थांबतील असे नाही. मराठीत विभक्तीमुळे एका शब्दाची रूपे बरीच होतात, म्हणून शस्त्रक्रियेचा, शस्त्रक्रियेची, शस्त्रक्रियेनंतर, शस्त्रक्रियेसाठी अशी प्रत्येक नेहमीची रूपे वेगळी नोंदवावी लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण एकदा नीट केले की पुढच्या प्रत्येक मोहिमेला हीच सामायिक यादी जोडता येते.

मोहिमेची मांडणी आणि सेटिंग्ज

खात्यात मोहीम, तिच्याखाली जाहिरात गट, आणि गटात कीवर्ड व जाहिराती अशी रचना असते. बजेट, भौगोलिक क्षेत्र आणि बोलीची पद्धत मोहिमेच्या पातळीवर ठरते. एका गटात एकाच हेतूचे कीवर्ड ठेवा, म्हणजे त्या सर्वांना एकच जाहिरात आणि एकच लँडिंग पेज शोभेल. मुलांच्या दुर्बिणी आणि छायाचित्रणासाठीच्या मोठ्या दुर्बिणी एका गटात नकोत. तुमच्या व्यवसायाच्या नावाने होणाऱ्या शोधांसाठी वेगळी मोहीम करा: हे क्लिक सहसा स्वस्त असतात आणि त्यांतून विक्रीही जास्त होते, त्यामुळे ते इतर कीवर्डांत मिसळले तर सरासरी फसवी चांगली दिसते आणि नव्या ग्राहकांवरचा खरा खर्च झाकला जातो.

खाते उघडताना चलन विचारपूर्वक निवडा. ते नंतर बदलता येत नाही. नवीन खात्याला काही वेळा थेट सोप्या, पूर्ण स्वयंचलित मोहिमेकडे नेले जाते. तिच्यात कीवर्डवर नियंत्रण फार थोडे असते, म्हणून स्वतः मांडणी करण्याचा पर्याय शोधून फक्त सर्च प्रकारची मोहीम निवडावी. परफॉर्मन्स मॅक्ससारख्या, एकाच मोहिमेतून सर्च, यूट्यूब, जीमेल अशा सगळ्या ठिकाणी जाहिरात दाखवणाऱ्या प्रकारांचा विचार विक्रीच्या नोंदी जमल्यावर करता येईल.

पुढे येणारी काही सेटिंग्ज मूळ स्वरूपात तशीच सोडू नयेत. सर्च मोहिमेत डिस्प्ले नेटवर्क जोडण्याचा पर्याय बंद करा. त्याने तुमची जाहिरात इतर संकेतस्थळांवर, काहीही न शोधणाऱ्या वाचकांसमोर जाते. सर्च पार्टनर, म्हणजे गूगलशी जोडलेल्या इतर संकेतस्थळांवरच्या शोधांत जाहिरात दाखवणारा पर्यायही सुरुवातीला बंद ठेवा. भौगोलिक क्षेत्राच्या पर्यायांत, त्या भागात असलेले लोक आणि त्या भागात नुसता रस दाखवणारे लोक, असे दोन्ही मूळ निवडीत धरलेले असतात. तुम्ही जिथे माल पोहोचवत नाही तिथल्या माणसाच्या क्लिकसाठी पैसे द्यायचे नसतील, तर फक्त त्या भागात असलेले किंवा नियमित असणारे लोक हा पर्याय निवडा. गूगलच्या शिफारशी आपोआप लागू करण्याची सोय बंद आहे ना, हेही पाहा. शिफारशी वाचाव्यात, त्यांतल्या काही खरोखर उपयोगी असतात; पण ऑप्टिमायझेशन स्कोअर म्हणून जो टक्का दिसतो तो यंत्रणेच्या सूचना किती पाळल्या हे सांगतो, तुमचा नफा सांगत नाही.

जाहिरातीचा मजकूर आणि लँडिंग पेज

सध्याच्या रिस्पॉन्सिव्ह सर्च जाहिरातीत प्रत्येकी ३० अक्षरांची १५ पर्यंत शीर्षके आणि प्रत्येकी ९० अक्षरांची ४ पर्यंत वर्णने देता येतात. त्यांतून जुळणी करून एका वेळी जास्तीत जास्त तीन शीर्षके आणि दोन वर्णने दाखवली जातात. कोणते शीर्षक कोणाशेजारी येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक शीर्षक एकटे उभे राहिले तरी अर्थपूर्ण असावे आणि दोन शीर्षकांत तोच दावा नसावा. काही शीर्षकांत लोक शोधतात ते शब्दच यावेत, काहींत वॉरंटी, पोहोचवण्याचा कालावधी, माल परत करण्याची मुदत अशा ठोस गोष्टी, आणि एक-दोनांत काय करायचे ते स्पष्ट सांगणारे वाक्य. ‘सर्वोत्तम दर्जा’, ‘विश्वासार्ह सेवा’ असले मोघम शब्द सगळेच लिहितात. ‘ट्रायपॉडसह ७० मिमी दुर्बीण’ या ओळीत वाचणाऱ्याला निवड करता येते.

किंमत जाहिरातीत लिहावी का, हा प्रश्न अनेकांना पडतो. मी लिहिण्याच्या बाजूचा आहे. किंमत पाहून ज्याला परवडणार नाही तो क्लिक करत नाही आणि तेवढे पैसे वाचतात. क्लिकचे प्रमाण थोडे घटले तरी आलेले लोक अधिक तयारीने येतात. साइटलिंक (संकेतस्थळाच्या आतल्या पानांचे दुवे), कॉलआउट (वैशिष्ट्ये सांगणारे छोटे शब्दसमूह) यांसारखे जोडमजकूर फुकट जोडता येतात आणि जाहिरातीला जास्त जागा मिळवून देतात. साइटलिंकवर क्लिक झाला तर त्याचे पैसे नेहमीसारखेच लागतात.

क्लिक करणाऱ्याला मुखपृष्ठावर सोडून देऊ नका. त्याने ‘मुलांसाठी दुर्बीण’ शोधले असेल, तर मुलांच्या दुर्बिणींचेच पान उघडले पाहिजे, आणि मोबाइलवर ते झटकन उघडले पाहिजे. किंमत, पोहोचवण्याचा खर्च, उपलब्धता आणि परताव्याचे नियम शोधावे लागू नयेत. खरेदीचे प्रमाण २ वरून ३ टक्के झाले, तर वरच्या हिशेबातली क्लिकची कमाल मर्यादा २० वरून ३० होते. बोलीशी कितीही खेळून एवढा फरक क्वचितच पडतो.

बजेट आणि बोली

बजेट रोजचे म्हणून लिहायचे असते, पण ते महिन्याच्या हिशेबाने चालते: एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो आणि महिन्याची कमाल मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट असते. म्हणून महिन्याला किती खर्च झेपेल ते ठरवून त्याला ३०.४ ने भागा आणि तो आकडा भरा. दिवसाला दोन-तीनच क्लिक येतील इतके कमी बजेट असेल, तर कीवर्ड कमी करा, पण जे ठेवाल त्यांना पुरेसे क्लिक मिळू द्या.

बोलीसाठी पहिल्या टप्प्यात स्वतः बोली ठरवण्याची पद्धत किंवा क्लिक वाढवण्याची स्वयंचलित पद्धत, पण कमाल बोलीची मर्यादा घालून, हे दोन पर्याय मला सुरक्षित वाटतात. कन्व्हर्जन वाढवणारी, ठरावीक खर्चात एक विक्री मिळवणारी किंवा खर्चाच्या तुलनेत उत्पन्नाचे लक्ष्य ठेवणारी पद्धत शिकण्यासाठी विक्रीच्या नोंदींवर अवलंबून असते. महिन्याला ३० च्या आसपास कन्व्हर्जन होऊ लागली की तिकडे वळणे शहाणपणाचे. वळल्यावर एक-दोन आठवडे आकडे वरखाली होतात, त्या काळात लक्ष्य रोज बदलू नये.

पहिले आठवडे

सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी आणि नंतर दर आठवड्याला सर्च टर्म्सचा अहवाल उघडा. जाहिरात कोणत्या प्रत्यक्ष शोधांवर दिसली आणि कोणत्यांवर क्लिक झाले, ते इथे कळते. फार कमी वेळा झालेले शोध २०२० पासून या अहवालात दाखवले जात नाहीत, त्यामुळे चित्र पूर्ण नसते. तरीही खात्यातले दुसरे कोणतेही पान इतके शिकवत नाही. खर्चानुसार उतरत्या क्रमाने यादी लावा आणि प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न विचारा: असे टाइप करणारा माणूस माझ्याकडून खरेदी करेल का? उत्तर नाही असेल, तर त्यातला दोषी शब्द निगेटिव्ह यादीत टाका. उत्तर हो असेल आणि तो शोध कीवर्ड म्हणून नसेल, तर त्याला एक्झॅक्ट मॅचमध्ये जोडा.

विक्री होत नाही म्हणून कीवर्ड बंद करण्याची घाई करू नका. खरेदीचे खरे प्रमाण २ टक्के असले, तरी पहिल्या ५० क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. १०० क्लिकनंतरही ती सुमारे १३ टक्के असते, आणि १५० क्लिकनंतर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. याचा अर्थ असा की ३०-४० क्लिकवरून निकाल देणारा माणूस चांगले कीवर्डही काढून टाकत असतो. शोधच चुकीचा असेल तर मात्र एका क्लिकनंतरही तो वगळावा, त्याला आकडेवारीची गरज नाही.

जाहिरात दिसते का हे पाहण्यासाठी स्वतः वारंवार शोध घेऊ नका आणि स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक तर मुळीच करू नका. अशा शोधांनी क्लिकविना दिसण्याची संख्या वाढते. त्यासाठी खात्यातच जाहिरात पूर्वावलोकन व निदानाचे साधन दिलेले आहे. जाहिरात कमी दिसत असेल तर इम्प्रेशन शेअरचे, म्हणजे जाहिरात दिसू शकली असती त्यांपैकी किती वेळा दिसली याचे, रकाने पाहा. बजेट संपल्यामुळे गमावलेला वाटा आणि रँक (लिलावातले स्थान) कमी पडल्यामुळे गमावलेला वाटा तिथे वेगवेगळे दिसतात. पहिला मोठा असेल तर कीवर्ड कमी करण्याचा किंवा पैसे वाढवण्याचा प्रश्न आहे. दुसरा मोठा असेल तर मजकूर, लँडिंग पेज किंवा बोली सुधारायला हवी, तिथे बजेट वाढवून काही साधणार नाही.

बजेट वाढवताना

मोहीम नफ्यात आली की साहजिकच बजेट वाढवावेसे वाटते. इथे सरासरीवर विसंबू नका. समजा, महिन्याला २०,००० खर्चून ४० विक्री होत आहेत, म्हणजे एका विक्रीला ५०० लागतात. खर्च ३०,००० केला आणि विक्री ४८ झाली, तर सरासरी ६२५ येते. एका विक्रीमागे १००० उरत असल्यामुळे हे अजूनही फायद्याचे दिसते. पण वाढवलेल्या १०,००० मधून फक्त ८ विक्री जास्त झाल्या, म्हणजे त्यांतली प्रत्येक १२५० ला पडली आणि तिच्यावर २५० चा तोटा झाला. आधीच्या ४० विक्रींचा नफा हा तोटा झाकतो, म्हणून तो अहवालात वेगळा उठून दिसत नाही. बजेट एका वेळी थोडे वाढवा, दोन-तीन आठवडे थांबा, आणि दर वेळी वाढीव खर्चाला वाढीव विक्रीने भागून पाहा. तो आकडा तुमच्या उरणाऱ्या रकमेच्या जवळ आला, की त्या मोहिमेत आणखी पैसे घालणे थांबवा आणि तेच पैसे नव्या कीवर्डांच्या दुसऱ्या मोहिमेवर किंवा लँडिंग पेज सुधारण्यावर लावा.